न्हाणीघरांतील गॅस आणि धुराची वाट

नांदेड जिल्ह्यांतील हिमायतनगर हें गांव जुन्या मंडळींच्या तोंडीं अजूनहि वाढोणा या नांवानेंच आहे. थंडीच्या दिवसांत तेथें पहाटे बाहेर पडलेल्या माणसास पूर्वीं परसापरसांत एकच देखावा दिसे. तांब्याचा बंब धडधडत आहे, त्याच्या नळींत कोणी पऱ्हाट्यांचे तुकडे टाकीत आहे, आणि नळीच्या तोंडांतून निघालेला धूर माळवदावरून शेजारच्या अंगणांत उतरत आहे. धुरावरून शेजाऱ्यांत कुरबुर होई ती वेगळीच.

बंबाच्या रचनेकडे नीट पाहिलें म्हणजे ती करणाऱ्या तांबटाच्या बुद्धीचें कौतुक वाटतें. पाण्याच्या भांड्याच्या ऐन मध्यांतून अग्नीची नळी गेलेली असते. खालून हवा आंत शिरते, वरून धूर बाहेर पडतो, आणि जातां जातां तो आपली उष्णता भोंवतालच्या पाण्यास देऊन जातो. चूल आणि धुराडें हीं दोन्ही एकाच भांड्यांत बसविलेलीं आहेत. शिवाय बंबाचा धूर डोळ्यांना झोंबे. त्यामुळें दार लावून बंद खोलींत बंब पेटवावा अशी बुद्धि सहसा कोणास होत नसे. आणि झालीच, तर धूरच त्यास दोन मिनिटांत बाहेर काढी.

आतां बंबाची जागा पुष्कळ घरांत भिंतीवरच्या एका सुबक पेटीनें घेतली आहे. तिला गॅस गीझर म्हणतात. सरपण नको, राख नको, आणि वीज गेली तरी अडत नाहीं. दोन सेल घातले कीं पुरे. नळाची चावी फिरवितांच आंत ठिणगी पडते, ज्योत पेटते आणि थोड्याच वेळांत ऊन पाणी हातावर येतें. ऐन पहाटे विजेचा भरंवसा जेथें नसतो, तेथें असलें यंत्र लोकप्रिय झालें यांत नवल नाहीं. परंतु पेटी कितीहि सुबक असली तरी आंत चूलच आहे. बंबासारखीच ती हवा खाते, आणि बंबासारखाच तिलाहि धूर आहे. हा धूर मात्र दिसत नाहीं, त्यास वास नाहीं आणि तो डोळ्यांस झोंबत नाहीं. ज्या खुणेनें बंब माणसास दार उघडावयास लावी, ती खूणच येथें नाहींशी झाली आहे. तिच्या जागीं कांहीं तरी दुसरी दक्षता यावयास हवी होती. ती बहुतेक घरांत अद्याप आलेली नाहीं.

या यंत्राच्या जन्मापासूनच ही उणीव त्याच्या पाठीशीं लागलेली आहे. लंडन येथील बेंजामिन वॅडी मॉन या गृहस्थानें १८६८ सालीं गॅसच्या ज्योतीवर तत्काळ पाणी तापविणारें यंत्र काढलें आणि आइसलँडमधील उसळत्या ऊन झऱ्याच्या नांवावरून त्यास ‘गीझर’ हें नांव दिलें. पाणी छान तापे. पण जळका वायु बाहेर नेण्यास नळी नव्हती. पुढें पाश्चात्य देशांत न्हाणीघरांतील अशा यंत्रांस धुराडें जोडण्याचा प्रघात पडला. आश्चर्य हें, कीं या देशाच्या बाजारांत मिळणाऱ्या लहान यंत्रांपैकीं पुष्कळांस आजहि नळी नसते. माथ्यावरच्या फटींतून जळका वायु सरळ खोलींत सुटतो. अशा लहान घरगुती यंत्रांसाठीं भारतीय मानक ब्युरोचें आय. एस. १५५५८ हें मानक २००५ सालापासून आहे. विकत घेतांना यंत्रावर तें पाहून घ्यावें हें बरेंच. पण मानकाचा शिक्का भिंतीस झरोका पाडीत नाहीं.

ज्योत किती हवा खाते याचा हिशेब साध्या त्रैराशिकानें करतां येतो. मिनिटास ६ लिटर पाणी सुमारे २५ अंशांनीं तापविणारें यंत्र पूर्ण ज्योतीवर तासास सुमारे ९०० ग्रॅम, म्हणजे मिनिटास १५ ग्रॅम गॅस जाळतें. १ ग्रॅम गॅस नीट जळण्यास सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. म्हणजे दर मिनिटास सव्वादोनशे ग्रॅम, मापानें १९० लिटरांच्या जवळपास हवा झाली. आतां ४ फूट रुंद, ६ फूट लांब आणि ८ फूट उंच अशी न्हाणी घेतली, तर तींत सगळी मिळून सुमारे ५४०० लिटर हवा असते. दहा मिनिटांच्या स्नानांत त्यांतील तिसऱ्या हिश्श्याचा प्राणवायु ज्योत खाऊन टाकते. शुद्ध हवेंत तो शेंकडा २१ असतो. खोली अगदीं घट्ट बंद असेल तर तो १४ च्या आसपास उतरावा, असें हें गणित सांगतें. प्रत्यक्षांत दारास फटी असतात म्हणून तो इतका उतरत नाहीं. पण ज्योत बिघडण्यास तो इतका उतरावा लागतहि नाहीं.

ज्योत बिघडते म्हणजे काय होतें? सिलिंडरमधील गॅस हा मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचें मिश्रण आहे. पुरेशी हवा मिळाली तर तो पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढींच शिल्लक राहतात. वाफ तरी थोडी नव्हे. १ किलो गॅस जळला म्हणजे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपानें हवेंत जातें. हवा कमी पडली, किंवा ज्योतीनें एकदां टाकलेला वायु तिच्याचकडे पुनः पुनः ओढला जाऊं लागला, म्हणजे गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु तयार होऊं लागतो. तो हवेहून किंचित् हलका असल्यामुळें खोलीभर सारखा पसरतो. उंच बसलें काय किंवा खालीं बसलें काय, सुटका नाहीं.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे, कारण सुशिक्षित घरांतूनहि तो आढळतो. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र दर्प असतो तो गळती ओळखतां यावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या एथिल मर्कॅप्टनचा असतो. गॅस जळला कीं तो दर्पहि जळून जातो. म्हणून ‘वास तर येत नाहीं, म्हणजे सर्व ठीक आहे’ हें अनुमान गळतीपुरतें खरें आणि धुराच्या बाबतींत साफ खोटें आहे. नळी, रेग्युलेटर, जोड हीं सर्व नवीं कोरीं असून, गळतीचा थेंबहि नसतांना, त्याच न्हाणींत माणूस गुदमरूं शकतो.

माणूस गुदमरतो म्हणजे छातींत हवा जात नाहीं असें नव्हे. रक्तांतील हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायु उचलून सर्व शरीरास पोंचवितें. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखविलें, कीं कार्बन मोनॉक्साइड या वाहकालाच धरून बसतो. हिमोग्लोबिनशीं त्याची जवळीक प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक आहे. त्यामुळें हवेंत त्याचें प्रमाण अत्यल्प असलें तरी रक्तांत तो जागा अडवीत जातो. आरंभीं डोकें जड होतें, मळमळतें, पायांतील बळ जातें. पहाटे रिकाम्या पोटीं स्नान करणारा माणूस याला पित्त म्हणतो, उपासाची भोंवळ म्हणतो, आणि आणखी दोन तांबे ऊन पाणी अंगावर घेतो. पुढें दाराच्या कडीपर्यंत हात नेण्याचीहि शक्ति उरत नाहीं. भारतीय मज्जातंतु-वैद्यांनीं अशा रुग्णांच्या हकीकती मांडल्या तेव्हां न्हाणींत अकस्मात् बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या बाबतींत गीझरची चौकशी करावी, हें डॉक्टरांच्याहि ध्यानांत आणून द्यावें लागलें.

अशा घटना दूरच्या नाहींत. २०२० सालच्या जानेवारींत मुंबईस बोरिवलींत एक पंधरा वर्षांची मुलगी गॅस गीझर चालूं असलेल्या न्हाणींत बेशुद्ध पडली, आणि रुग्णालयांत कांहीं दिवसांनीं दगावली. २०२३ च्या मार्चमध्यें घाटकोपरास होळीचा रंग खेळून आलेलें जोडपें स्नानगृहांत मृत आढळलें. तेथेंहि गीझरच्या वायूचाच संशय घेण्यांत आला. या दुसऱ्या घटनेंत ध्यानांत धरण्यासारखी गोष्ट अशी, कीं रंग काढण्यास नेहमींपेक्षां फार वेळ लागतो.

जो हिशेब दहा मिनिटांच्या स्नानाचा केला, तो सणाच्या दिवशीं तासाभराचा होतो. दिवाळींत अभ्यंगस्नानाची पहाट आठवावी. उजाडण्यापूर्वीं सर्वांचीं स्नानें उरकावयाचीं म्हणून एकामागून एक माणूस आंत जातो. तेल-उटण्यामुळें प्रत्येकास वेळ लागतो. बाहेर थंडी असल्यामुळें दार क्षणभर उघडून लगेच लावलें जातें. पहिल्या माणसास कांहींच होत नाहीं. तिसऱ्याचें डोकें दुखतें. पांचव्याच्या वांट्यास मागल्या चौघांचा सांठलेला वायु येतो, आणि हा पांचवा बहुधा घरांतील सून किंवा आई असते, कारण सर्वांचें झाल्यावर ती आंत जाते. वाढोण्यास महाशिवरात्रीला परमेश्वराची यात्रा भरते. घरोघर पाहुणे उतरलेले असतात, आणि त्या दिवशींहि हाच क्रम चालतो. त्याहून अधिक जपावयास पाहिजे तें बाळंतिणीच्या न्हाणीस. ‘वारा लागूं नये’ म्हणून झरोक्यास कापड कोंबावयाचें, दाराच्या फटीस पोतें लावावयाचें, भरपूर कढत पाणी घ्यावयाचें, आणि सोबत पंधरा दिवसांचें मूल! बंबाच्या काळीं या रीतीनें फार तर अंगास घाम येई, कारण विस्तव बाहेर होता. विस्तव आंत आल्यावर तीच रीति प्राणघातक ठरूं शकते, हें घरांतील वडीलधाऱ्या बायकांस कोणी तरी आदरपूर्वक पण स्पष्ट शब्दांत सांगावयास हवें.

यावर उत्तम उपाय बंबाचाच आहे. यंत्र न्हाणीच्या बाहेर टांगावें. परसांतील भिंतीवर, उघड्या गच्चींत किंवा मोकळ्या सज्जांत, पावसापासून आडोसा करून तें बसवावें, आणि आंत फक्त ऊन पाण्याची नळी आणावी. चार-सहा फूट नळी अधिक लागते आणि पहिलें थंड पाणी थोडें वांयां जातें. एवढीच त्याची किंमत. ज्या यंत्रास धुराड्याची नळी मुळींच नाहीं, त्याला दुसरी सुरक्षित जागा नाहीं असेंच म्हटलें पाहिजे. ‘आंघोळीपूर्वीं बादली भरून घ्यावी, मग गीझर बंद करून आंत जावें’ असा मध्यम मार्ग कित्येक जण पाळतात. तो पाळला तर धोका पुष्कळ कमी होतो. पण थंडींत दुसरी बादली लागते, आणि मग नियम मोडतो.

यंत्र आंतच असेल तर धुराडें असलेलेंच असावें, आणि त्या धुराड्याची निगा चुलीच्या निगेइतकीच नियमानें व्हावी. ज्या यंत्रांत पंखा नसतो त्यांत ऊन वायु स्वतःच्या हलकेपणानें वर चढतो. म्हणून नळी प्रथम सरळ वर जावी, नंतर वळावी, आणि आडव्या भागासहि बाहेरच्या दिशेनें चढ असावा. ती यंत्राच्या तोंडापेक्षां अरुंद करूं नये. मिस्त्री पुष्कळदां हाताशीं असलेला लहान पाइप बसवून मोकळा होतो; तो काढावयास लावण्यास संकोच करूं नये. नळीचें टोंक उघड्या हवेंत, खिडकीपासून दूर निघावें. दोन घरांमधील अरुंद बोळांत किंवा इमारतीच्या बंद डक्टमध्यें सोडलेला धूर शेजाऱ्याच्या न्हाणींत शिरतो. पंख्याच्या यंत्राची नळी मात्र त्याच्या पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणेंच बसवावी.

पावसाळा संपला कीं नवरात्राच्या सुमारास, म्हणजे दिवाळीच्या आधीं, नळीची एकदां पाहणी करावी. उन्हाळाभर बंद राहिलेल्या नळींत गांधीलमाश्या घर करतात, चिमणी काड्या भरते, कोळिष्टकें धरतात. ॲल्युमिनियमची लवचिक नळी शिडीचा नुसता धक्का लागला तरी चेपते, आणि चेपलेली नळी बाहेरून दिसावयास धड असते. जोडांपाशीं काळे डाग किंवा गंज दिसला तर तेथून वायु निसटतो असें समजावें. यंत्राच्या आंत ज्योतीवर तांब्याचीं पातळ पानें असतात. त्यांच्या फटींत काजळी बसली कीं वायूची वाट तेथेंच कोंडते, मग बाहेरची नळी कितीहि स्वच्छ असो. हें काम घरीं करूं नये. वर्षांतून एकदां जाणत्या मेकॅनिककडून पेटी उघडून साफ करून घ्यावी. घरच्या माणसानें पाहावयाचें तें ज्योतीकडे. ती निळी व स्थिर असावी. पिवळी, लांबट, डोलणारी ज्योत दिसली कीं यंत्र त्याच क्षणीं बंद करावें. पेटीवरच्या भिंतीस काळा पट्टा उठणें, खिडकीच्या कांचेवर नेहमींपेक्षां अधिक पाणी सुटणें, याहि त्याच तक्रारी आहेत.

धुराडें ओढतें कीं नाहीं याची एक परीक्षा उदबत्तीनें करतां येते. गॅसचा दर्प येत असेल तर अर्थातच उदबत्ती पेटवूं नये. एरव्हीं दार-खिडकी लावून, घरांतील धूर बाहेर टाकणारे सर्व पंखे चालूं करून, यंत्र पांच मिनिटें चालवावें. तेवढा वेळ माणसानें बाहेरच थांबावें. मग आंत जाऊन पेटलेली उदबत्ती यंत्राच्या माथ्यावर, नळी जेथें सुरू होते त्या फटीशीं धरावी. धूर आंत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. तो तेथेंच घुटमळला किंवा तोंडावर आला, तर यंत्र बंद करून बाहेर यावें. दुसरें माणूस दाराशीं उभें असावें आणि सर्व काम अर्ध्या मिनिटांत आटपावें. पंखे चालूं ठेवण्याचें कारण असें, कीं हवा आंत येण्यास वाट नसेल तर स्वयंपाकघरांतील पंखा न्हाणीच्या धुराड्यांतूनच हवा ओढतो, आणि वर जाणारा धूर उलटा खालीं येतो. परीक्षा त्या स्थितींतच घ्यावयास हवी.

म्हणून धुराडें असूनहि दोन झरोके लागतातच; एक जमिनीलगत, दाराच्या खालच्या भागांत जाळी बसवून केलेला, आणि दुसरा छताजवळ. खालून ताजी हवा येते. शिवाय गळलेला गॅस हवेहून जड असल्यामुळें तो त्याच वाटेनें बाहेर पडूं शकतो. वरून ऊन वायु जातो. हे झरोके थंडींत वर्तमानपत्राचा बोळा कोंबून बंद करण्याची जी संवय आहे, ती घरांतील मुलांवर पाळत ठेवण्याचें काम सोंपवून मोडतां येईल. मुलें असल्या कामांत फार कडक असतात. कार्बन मोनॉक्साइड ओळखून कर्कश आवाज करणारीं, सेलवर चालणारीं लहान यंत्रें आतां मिळतात. न्हाणीच्या बाहेर, झोंपण्याच्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेंत एखादें लावून ठेवावें. परंतु त्याच्या भरंवशावर झरोका बुजवूं नये.

न्हाणीची कडी बाहेरूनहि उघडतां येईल अशी असावी, आणि गीझर चालूं असतांना आंतल्या माणसास अधूनमधून हांक मारण्याची पद्धत ठेवावी. उत्तर आलें नाहीं तर दार उघडावें, श्वास रोखून आंत जावें आणि माणसास ओढून मोकळ्या हवेंत आणावें. मग नळ व सिलिंडर बंद करावा. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीवर दाब देण्याची क्रिया ज्यास येत असेल त्यानें ताबडतोब सुरू करावी, आणि दुसऱ्यानें १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णास कांदा हुंगविण्यांत किंवा तोंडांत पाणी घालण्यांत वेळ दवडूं नये. त्यास हवा आहे तो प्राणवायु. साध्या हवेंत रक्तांतील हा विषारी वायु निम्मा होण्यास चार-पांच तास लागतात; मुखवट्यावाटे शुद्ध प्राणवायु दिला तर तें काम तास-दीड तासांत होतें. म्हणून नांदेडपर्यंत गाडी नेण्याआधीं जवळच्या रुग्णालयांत प्राणवायु सुरू करून घ्यावा आणि तो चालूं ठेवूनच पुढें न्यावें.

करोनाच्या सांथीपासून पुष्कळ घरांत बोटाला लावावयाचें ऑक्सिमीटर आलें आहे. या प्रसंगीं त्यावर विसंबणें घातक होय. कार्बन मोनॉक्साइडनें भरलेलें हिमोग्लोबिन त्या यंत्रास प्राणवायूनें भरलेल्यासारखेंच दिसतें. रुग्ण अत्यवस्थ असतांहि तें ९८ दाखवूं शकतें. डॉक्टरांना ‘बंद न्हाणींत गॅस गीझर चालूं होता’ एवढें वाक्य न विसरतां सांगावें, म्हणजे ते रक्ताची योग्य ती तपासणी करतील. शुद्धीवर आलेला माणूस कांहीं दिवसांनीं किंवा आठवड्यांनीं विसरभोळा होतो, चिडचिडा होतो, चालतांना अडखळतो, असेंहि कधीं कधीं घडतें. तेव्हां महिना-दीड महिना त्याजवर लक्ष ठेवावें, आणि तसें कांहीं आढळल्यास पुन्हां डॉक्टरांकडे न्यावें. त्याच दिवशीं ज्यांनीं त्याच न्हाणींत आधीं स्नान केलें असेल आणि ज्यांचें नुसतें डोकें दुखत असेल, त्यांसहि त्याच गाडींत बसवावें.